गुरुवारी चार वाजता, सन २०६१

“साल कुठलं घातलंयस?” पाक दारसोनोंनी विचारलं. “या वर्षीचं असेल तर शिक्का मिळणार नाही.”

“२०६१, पाक. पहिल्याच ओळीत आहे.” वेनिंगने नाटकाचे कागद पुढे सरकवले. मोठ्या पुरुषाला गावात मानाने ‘पाक’ म्हणत, बाईला ‘बू’.

दारसोनोंनी चष्मा पुसून पहिली ओळ पुन्हा वाचली. गावकचेरीत त्यांना पगार मिळायचा तो एवढ्यासाठीच, कुणी काय बोलायचं नाही ते ठरवायला. महिन्यापूर्वी वेनिंगने गावच्या रेडिओवर सांगितलं होतं की समुद्राच्या बांधाला तडे गेलेत. कचेरीने आठ दिवस रेडिओच्या खोलीला कुलूप ठोकलं. गुन्हा काय, तर लोकांना घाबरवणं. तड्यांना मात्र कुणी मूठभर सिमेंटही लावलं नाही.

तेव्हापासून वेनिंग फक्त भविष्याबद्दल बोलायची.

रोज संध्याकाळी पाचला तिचं श्रुतिनाट्य लागे. त्यातल्या तंबाकसारीत, म्हणजे त्यांच्याच गावात, समुद्र पाहुण्यासारखा हलक्या पावलांनी गल्लीत शिरायचा. घरं बांबूच्या तराफ्यांवर डुलायची. अजान होडीतून यायची आणि पोरं खिडकीतून पाण्यात पाय सोडून पाढे म्हणायची. सुपात तांदूळ फिरवले की लाट, ओला टॉवेल फरशीवर आपटला की मासा. सगळे आवाज ती खोलीतच काढायची. बायका कढईतले सोयाबीनच्या टेंपेचे काप करपेपर्यंत ऐकत राहायच्या.

“शेवटच्या भागाला आख्खं गाव कशाला?” दारसोनोंनी विचारलं.

“दोनशे बारा माणसांचा आवाज मी एकटी कसा काढू? सगळ्यांनी कब्रस्तानाच्या टेकाडावर यायचं. गुरुवारी, चार वाजता.”

“रविवार ठरला होता ना?”

“गुरुवारी मोठी भरती आहे. समुद्राचा आवाज चांगला लागतो.”

दारसोनोंनी खिडकीतून बांधाकडे पाहिलं. मग त्यांनी शिक्का मारला.

टेकाडच का, हे कुणी विचारलं नाही. तंबाकसारीत उंच जागा एकच, आणि ती मेलेल्यांना दिलेली.

गुरुवारी वेनिंग दारोदार फिरली. “गाव सोडून चाललोय असं करत यायचं. जमिनीचे कागद आणा. खरे आणा हं, खऱ्या कागदाची फडफड वेगळी येते.”

“आणि माझ्या कोंबड्या?” बू लास्मीने विचारलं.

“आणा की. तुमच्यापेक्षा बरं काम करतील.”

“नवऱ्याला आणू का ठेवू?”

“आणा, बू. त्याच्या औषधांसकट. गोळ्यांची खडखड मला हवीय.”

बू लास्मी हसत सुटली. “रेडिओवर माझ्या नवऱ्याच्या गोळ्या! मेल्याचं नाव होणार शेवटी.”

अडलं ते म्बाह सारिंतेनपाशी. गावातली सगळ्यांत म्हातारी आजी. नवऱ्याला पुरून आल्यापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता.

“त्या टेकाडावर मी एकदाच जाणार,” ती म्हणाली, “तेही दुसऱ्यांच्या खांद्यावर.”

“मग आजच खांद्यावर न्यायला सांगते.”

“जीभ बघा कार्टीची! माझा आवाज इथंच भरून घे.”

“इथं घुमतो, म्बाह.”

“मग माझ्यावाचून कर तुझा खेळ.”

वेनिंग पायरीवर बसली. “तुम्ही आल्याशिवाय मी हलणार नाही.”

“बस.”

ती बसली. तीन वाजून गेले. गल्लीतून कोंबड्या, गाठोडी, पाळणे टेकाडाकडे जात होते. कुणीतरी ओरडलं, “वेनिंग, नाटक सुरू कर, नाहीतर आम्ही खरंच गाव सोडू!” वेनिंग हसली नाही. तिने हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

“एवढं काय अडलंय गं तुझं त्या खेळात?” म्बाहने विचारलं.

“तुमचं नाव आहे त्यात.”

“आणि त्यात मी कशी मरते?”

“त्यात कुणीच मरत नाही, म्बाह.”

म्हातारी उठली. तिने पेटीतलं लग्नातलं बाटिकचं वस्त्र काढलं. “मला कुणी बघणार नाही हे माहितीय,” ती पदर सारखा करत म्हणाली, “पण २०६१ मध्ये जायचं तर धड कपड्यांत जावं.” शेजारच्या केनारने तिला पाठीवर घेतलं.

टेकाडावर दारसोनो आधीच आले होते. सोबत त्यांची आई आणि कुलूप लावलेली पत्र्याची ट्रंक. “परवानगी देणाऱ्याने हजर राहायचं असतं,” कुणी विचारलं नव्हतं तरी ते म्हणाले.

सगळ्यांत शेवटी वेनिंगचे वडील आले, बांधातल्या पाणी सोडायच्या दरवाजाचे राखणदार. धावत, गुडघ्यापर्यंत चिखल. आधी बांधाकडे, मग लेकीकडे बघून त्यांनी फक्त मान हलवली. वेनिंगने कानामागची पेन्सिल काढून कागदावर काहीतरी केलं, मग रेकॉर्डरचं मागचं झाकण दाबून बसवलं.

“डोळे मिटा,” ती म्हणाली. “साल २०६१. समुद्र गल्लीत आलाय. तुम्हाला काय दिसतंय ते हळू बोला.”

“माझ्या चुलीत कोळंबी आलीय,” बू लास्मी म्हणाली.

“मी अंथरुणातूनच गळ टाकलाय,” तिचा नवरा म्हणाला.

“आमचे हे होडी घेऊन आलेत,” म्बाह सारिंतेन म्हणाली. “तरुण दिसतायत.”

तेवढ्यात आवाज आला. आधी सुपात तांदूळ फिरवल्यासारखा. मग हजार सुपांचा. मग टेकाडाखालून काहीतरी मोडत, फाटत, गडगडत गेलं आणि सगळीकडे नुसतं पाणी वाजायला लागलं.

मिटल्या डोळ्यांनीच लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“अगं, हा आवाज कशाने काढलास?” म्बाहने विचारलं आणि डोळे उघडले. खाली तिचं घर नव्हतं. गल्ली नव्हती. तपकिरी पाण्यावर मशिदीचा घुमट तेवढा वर होता.

एकेक करत टाळ्या थांबल्या.

“वेनिंग,” म्हातारी म्हणाली, “हे... भरलं का तुझ्या यंत्रात?”

वेनिंगने रेकॉर्डर पालथा केला आणि मागचं झाकण काढलं. आत बॅटऱ्या नव्हत्या. घडी घातलेला एक कागद होता, त्यावर दोनशे बारा नावं, आणि प्रत्येक नावापुढे पेन्सिलीची खूण.