दोन बोटं

“बदलायचा की पंक्चर काढायचं?” टायरवाल्याने तिसऱ्यांदा विचारलं, आणि बाप तिसऱ्यांदा टायरपुढे उकिडवा बसला.

खिळा निघाला होता, पण भोक नको तिथे होतं. रस्त्याला टेकणाऱ्या भागात असतं तर कुणी काही विचारलंही नसतं, दहा मिनिटांत काम उरकलं असतं. बाजूला असतं तरी प्रश्न नव्हता, टायर फेकून द्यायचा. हे नेमकं दोन्हींच्या मध्ये, जिथे टायर वळतो तिथे. टायरवाल्याचा हिशोब सोपा होता. वळणाच्या कडेपासून आत दोन बोटं मोजायची. भोक बोटांच्या पलीकडे राहिलं तर पॅच टिकतो, बोटांखाली गेलं तर टिकत नाही.

टायरवाल्याने स्वतःची दोन बोटं ठेवली. भोक गडप झालं.

“बदला,” तो म्हणाला. मग आपल्याच बोटांकडे बघून हसला. “पण माझी बोटं म्हणजे केळी. तुमची ठेवून बघा, साहेब.”

बापाची बोटं बारीक होती. कचेरीत इमारतींचे नकाशे काढण्यात त्याचा जन्म गेला होता. केसाएवढी चूक झाली तरी अख्खा कागद फाडणारा माणूस. त्याने बोटं ठेवली. भोक बाहेर डोकावत होतं. पुन्हा ठेवली. या वेळी दिसेना. खिशातली पट्टी काढली, तर ती गोलाईवर बसेना, नुसती डुगडुगायला लागली.

लेक मागे गाडीला टेकून उभी होती. गाडीत तिच्या बॅगा, गादीची वळकटी, टेबलफॅन आणि पुढच्या सीटवर नोकरीचं पत्र. उद्या सकाळी नऊला हजर व्हायचं होतं. सहा तासांचा रस्ता. नोकरी फिरतीची, गाडीसकट या असं पत्रात स्पष्ट लिहिलेलं. ही पोचली नाही तर यादीतला दुसऱ्या नंबरचा टपून बसलाच होता. या मापाचा नवा टायर दुकानात नव्हता. मागवला तर उद्या दुपारी येणार. डिकीतली स्टेपनी बारकी, घरापासून दुकानापर्यंत येण्यापुरती.

म्हणजे पंक्चर काढलं तर लेक आज जाणार. बदलायचा म्हटलं तर राहणार, कदाचित कायमची.

बापाने मेहुण्याला फोन लावला. मेहुणा म्हणाला, “पंक्चर काढा हो, दुकानदार उगाच घाबरवतात.” मग शेजाऱ्याला लावला. तो म्हणाला, “पोरीच्या जिवाशी खेळतोस का? बदल.” दोघेही ठाम, आणि दोघांनीही टायर पाहिलेला नव्हता. ऐकावं जनाचं, करावं मनाचं म्हणतात. पण मनाला विचारायला जावं तर ते मेलं कुणाच्या बाजूने बोलतंय तेच कळेना. भर रस्त्यात टायर फुटेल ही भीती खरी होती. आणि ती भीती आली की आत कुठेतरी बरं वाटत होतं, हेही खरं होतं. त्याची त्यालाच लाज वाटली.

त्याने चौथ्यांदा मोजलं. “दिसत नाही. बदलूनच टाका.”

“मघाशी दिसत होतं ना?” टायरवाला म्हणाला. “टायर तोच, बोटं तीच, साहेब.”

“इथे उजेड कमी आहे.”

दुपारचे बारा वाजले होते आणि दुकानाला पुढून भिंतच नव्हती.

लेक येऊन बापाशेजारी बसली. टायरवाल्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, “बाबा, बोटं फाकवताय तुम्ही.”

बापाने खाली पाहिलं. दोन बोटांमध्ये खरंच फट होती. ती कधी पडली, आपण मुद्दाम पाडली की आपोआप पडली, त्याला काही सांगता येईना. त्याने बोटं एकमेकांना चिकटवली. भोक बाहेर आलं. सुतभरच, पण स्वच्छ बाहेर.

“काढा पंक्चर,” तो म्हणाला आणि उठला. उठताना त्याला लेकीच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

टायरवाल्याने टायर रिंगवरून उतरवला, आतून घासला, पॅच लावून दाबला, पुन्हा चढवून हवा भरली. मग चाक पाण्याच्या टाकीत बुडवून हळूहळू फिरवलं. हवा जात असेल तर बुडबुडे येतात. तिघंही वाकून बघत होते. पाणी थोडं हललं, मग शांत झालं.

“झालं. एक बुडबुडा नाही,” टायरवाला म्हणाला. “बिनघोर जा, ताई.”

बाप हलला नाही. टाकीचा काठ दोन्ही हातांनी धरून तो गढूळ पाण्यात बघत राहिला. नाक पाण्याला लागायचं तेवढं बाकी होतं.

“साहेब, काढू का चाक बाहेर?”

“थांबा की जरा.”

टायरवाल्याने लेकीकडे पाहिलं. लेक घड्याळाकडे बघत होती. मग तीही बापाशेजारी वाकली.

“दिसतोय का एखादा?”

बापाने नकारार्थी मान हलवली.

लेकीने हातातली किल्ली खिशात टाकली.

“काका,” ती म्हणाली, “अजून एकदा फिरवा. सावकाश.”