समुद्रगायीची वार

"डॉक्टर मॅडम, हात घाला. अर्धी वार आतच राहिलीय," हौदावरचे येसूमामा म्हणाले.

आमच्या प्राणिसंग्रहालयातली समुद्रगाय पहाटे व्याली होती. मामांनी पिल्लामागून पडलेली वार जाळीने हौदातून काढून फरशीवर टाकलेली. त्यांचा जन्म म्हशींच्या गोठ्यात गेलेला. "वारेला गाठी असतात. हिला एक तरी दिसतेय? आत सडली तर आई जाईल, पिल्लू उपाशी मरेल."

"मामा, हिच्या वारेला गाठी नसतातच. कमरपट्ट्यासारखा पट्टा असतो." बोलले खरी, पण तो मीही पुस्तकातच पाहिलेला.

उकिडवी बसून पिशवीसारखी वार उलगडली. मधोमध गडद लाल पट्टा. त्यावर ठेवलेलं बोट गोल फिरून सुरुवातीलाच परत आलं. कुठेच फाटलेलं नव्हतं.

"पुरी आहे. हात घालायचा नाही."

तरी मी आणखी दोनदा बोट फिरवलं.

"आता काय पूजा करताय?" मामा हसले.

"माझ्या बाळंतपणात वार कुणी एकदाही बघितली नव्हती. तुकडा आत राहिला. सव्वा महिना मी दवाखान्यात, लेक घरी बाटलीवर."

मामा हसायचे थांबले. वारेवर मगभर पाणी ओतत म्हणाले, "मग अजून एकदा बघा."