नुसते एकपेशीय

सूक्ष्मदर्शकाखालच्या थेंबात एकपेशीय शेवाळाच्या तीनशे बारा पेशी होत्या आणि त्यांना खाणारे एक्केचाळीस आदिजीव. चंद्रावरच्या तळाला प्राणवायू देणारे हे शेवाळ उद्यापर्यंत फस्त झाले असते.

"आदिजीव मारणारं औषध सोड," शाल्मली शेवाळाची टाकी सांभाळणाऱ्या यंत्राला म्हणाली.

"प्राणिहत्येला बंदी आहे. आदिजीव, म्हणजेच प्रोटोझोआ, हे प्राणी आहेत."

"हे संतमहाराज आपलाच जीव घेणार," तंत्रज्ञ दळवीकाका धापा टाकत म्हणाले. "समजाव गं त्याला!"

"अरे, ते नाव अडीचशे वर्षांपूर्वीचं आहे! ग्रीक भाषेत 'प्रोटो' म्हणजे पहिला, 'झोआ' म्हणजे प्राणी. तेव्हा जे हलेल ते लोकांना प्राणी वाटायचं. हे प्राणी नाहीत."

"मग काय आहेत?"

शाल्मलीचे प्राण कंठाशी आले होते. "एकपेशीय! नुसते एकपेशीय आहेत. मार त्यांना!"

"समजलं. एकपेशीय मारणारं औषध सोडत आहे."

झडप उघडली. काकांनी हात जोडले.

औषध टाकीभर पसरल्यावर शाल्मलीने नवा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आदिजीव शून्य. शेवाळाच्या पेशी शून्य.