एकसारखा कायदा

पद्माकर सिंगापूरमधल्या तांजोंग पगारच्या ऑफिसात बसून युरोपातल्या देशांचे दारूचे कायदे एकसारखे कसे करता येतील, याचे मसुदे लिहायचा. घरी जेवताना त्याचं रोज तेच पुराण असायचं. "बाटली तीच, पण सीमा ओलांडली की नियम वेगळा. एवढी शिकलेली माणसं, पण एक साधा कायदा ठरवता येत नाही यांना." पुण्याहून दोन महिन्यांसाठी आलेले त्याचे वडील, यादवराव, कौतुकाने मान डोलवायचे.

वडील घरात आहेत म्हणून पद्माकर व्हिस्की स्टीलच्या पेल्यातून घ्यायचा आणि कोक पितोय असं सांगायचा. मुलगा घरात आहे म्हणून यादवराव ब्रँडी स्टीलच्या पेल्यातून घ्यायचे आणि खोकल्याचा काढा आहे म्हणायचे. लपवायची अक्कलसुद्धा बापाकडूनच आलेली. दोन्ही पेले पद्माकरची बायको सुचित्रा घासायची. वास दोन्हींना यायचा, पण ती कधी बोलली नाही.

शनिवारी मसुदा मंजूर झाला म्हणून ऑफिसने पद्माकरला रेड वाइन भेट दिली. ती त्याने मोठ्या मानाने शोकेसमध्ये मांडली. जेवायच्या वेळी सुचित्राने बाटली काढून उघडली, काचेच्या ग्लासात वाइन ओतली आणि दोघांच्या समोर बसून शांतपणे एक घोट घेतला.



दारूच्या कायद्यावर त्या घरात पहिल्यांदाच एकमत झालं. बापलेक एका सुरात म्हणाले, "आपल्याकडे बायका घेत नाहीत."