लाल दोऱ्याची कणसं

आगटीच्या कडेला लाल दोऱ्यांचा ढीग पडला होता. वाढीचं संजीवक फवारलेली कणसं ओळखू यावीत म्हणून मीच ते बांधले होते. संजीवकामुळे कोवळे दाणे जास्त साखर ओढून घेतात, हे कणसं पिकल्यावर तोलून दाखवायचं होतं. संशोधन केंद्रावरच्या माझ्या प्रयोगाचा हा शेवटचा हंगाम होता.

"साहेबांचे पावणे आलेत, मॅडम," कणसं भाजणाऱ्या केराबाई म्हणाल्या. "दोरे बघून वाटलं, हुरड्यासाठी तुम्हीच हेरून ठेवलीत."

बिनदोऱ्याची ज्वारी शेतात तशीच उभी होती.

केंद्रप्रमुख साहेबांनी गरम दाणे माझ्या तळहातावर ठेवले. "खाऊन बघा! असा गोड हुरडा जन्मात खाल्ला नव्हता. काय टाकलंत यंदा?"

मी दाणे चावले. खरंच गोड होते. सहा वर्षं मी साहेबांना हेच सांगत होते.