काळी टिकली

नव्या पॅकिंग मशीनवरची सगळी बटणं इंग्रजीत. मी सरळ पर्समधलं टिकल्यांचं पाकीट काढलं. मशीन चालू करायच्या बटणावर हिरवी टिकली लावली, थांबवायच्या बटणावर लाल, आणि पट्टा अडकला की दाबायच्या बटणावर काळी. ट्रेनिंग देणारे सर आधी हसले, मग त्यांनी मोबाइलवर फोटो काढला.

कारखान्यातल्या चारशे बायकांमधून आम्ही सहाजणीच 'पायलट बॅच'मध्ये होतो. नवरा आठवडाभर गल्लीत मला पायलटीणबाई म्हणत फिरला.

शनिवारी आम्ही एकही खोका वाया न घालवता मशीन चालवून दाखवलं. सर मॅनेजरसाहेबांना म्हणाले, "या पन्नाशीच्या बायकांना जमलं, म्हणजे आता कुणालाही जमेल. सोमवारपासून सगळीकडे सुरू करू."

"मग आम्ही कुठल्या मशीनवर?" मी विचारलं.

"मावशी, तुम्ही चाचणीपुरत्या होता," साहेब म्हणाले. "मशीनवर तिशीच्या आतल्याच घ्यायच्या आहेत."

मी पुन्हा खोके दुमडायला बसले. आता सगळ्या मशीनवर टिकल्या आहेत, कंपनीने छापून घेतलेल्या. काल खोके पोचवायला गेले, तर एका मशीनचा पट्टा अडकलेला आणि नवी पोरगी नुसती बघत उभी. मी काळ्या टिकलीकडे बोट नेलं.

"अहो मावशी, हात नका लावू!" ती ओरडली. "त्याला ट्रेनिंग लागतं."