योग्य तो कोपरा

रिंकू माईक ओठांपासून चार बोटं लांब धरते. तीन वाक्यं झाली की थांबते. हे थांबणं दोन श्वासांचं असतं, आणि तेवढ्या वेळात ती शेवटच्या रांगेकडे बघते. सखाबाईने हे मोजलेलं होतं.

समाजमंदिरात मच्छीमार संस्थेची सभा चालू होती. मे महिना, सकाळचे दहा, पंखा एकच. सखाबाई बायकांच्या दुसऱ्या रांगेत बसून धाकट्या जावेचं भाषण ऐकत होती. पुढचं वाक्य कोणतं येणार, हे तिला आधीच कळत होतं. ती वाक्यं मुळात तिचीच होती.

मरळीची पिलं पाण्यावर लाल गोळा होऊन फिरतात. खाली आई राखण करते. आई जाळ्यात सापडली, तर दुसऱ्या दिवशी गोळा दिसत नाही. सखाबाईने हे कधीतरी चुलीपाशी मासे साफ करता करता सांगितलं होतं. रिंकूने ते भंडाऱ्याच्या भाषण प्रशिक्षणात सांगितलं आणि प्रमाणपत्र घेऊन आली. आज पुन्हा सांगत होती. 'दुसऱ्या दिवशी' म्हणून ती थांबली, तशी सगळी सभा थांबली. मागे कोणीतरी खोकला दाबला.

चोरलं म्हणून सखाबाईला राग आला असता, तर बरं झालं असतं. ते आपल्यापेक्षा चांगलं सांगितलं जात होतं, हे तिला सहन होत नव्हतं. घरी कोणी नसताना तिनेही एकदा पळी तोंडासमोर धरून पाहिली होती, चार बोटं मोजून. 'सन्माननीय'च्या पुढे काही आलं नव्हतं.

पलीकडच्या रांगेतून तिचा नवरा मुरारी तिच्याकडे झुकला. "पाह्य, कशी बोलते ते," तो हळूच म्हणाला. "मालूम सारं तुले आहे, पन तुह्या तोंडातून निघते का?"

सखाबाईने पदर सारखा केला.

भाषण शेवटाकडे आलं. अध्यक्ष तुलाराम यांनी वही उघडली. ठराव दर वर्षीचाच होता: पावसाच्या सुरुवातीला मासे अंडी घालतात, म्हणून तलावातला योग्य तो कोपरा दोन महिने बंद ठेवावा. मागची दोन वर्षं तो रिंकूच्या भाषणानंतर टाळ्यांत मंजूर झाला होता आणि दोन्ही वर्षी सगळ्या कोपऱ्यांत जाळी पडली होती. योग्य तो कोपरा कोणता, हे ठरावात लिहिलेलंच नव्हतं. प्रत्येक घराचा कोपरा सासऱ्या-आजसासऱ्यापासून ठरलेला. दुसऱ्याच्या कोपऱ्याचं नाव सभेत घ्यायचं नाही, ही रीत. आणि आपल्याचं नाव कोणी घेत नव्हतं.

सखाबाईला तो कोपरा माहीत होता. जंगलातलं पाणी उंबराखालून तलावात शिरतं, त्या धारेला पोटुशी मासळी येते. उंबराचा कोपरा मुरारीच्या घराचा. वाटणीत धाकटा दीर प्रीतम आणि रिंकूला पाळीजवळचा, म्हणजे बांधाकडचा कोपरा आला होता. पावसाळ्यातली सखाबाईची अर्धी मासळी त्या उंबराखालून निघायची. तीन वर्षं ती स्वतःशी म्हणत होती, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू.

मागून ललिताबाईचा आवाज आला. "भाषन त फस्कलास झालं, बाई. पन कोपरा कोनचा? का यंदाबी टाळ्याच वाजवाच्या?"

सभा हसली. तुलारामही हसले.

रिंकू थांबली. सखाबाईने सवयीने मोजलं. एक श्वास, दोन. तीन. चार. रिंकू शेवटच्या रांगेकडे बघत नव्हती. तिचा अंगठा माईकच्या बटणावर पुढेमागे होत होता आणि गळ्याजवळ लाल ठिपके उठले होते. सखाबाईला बरं वाटलं. बरं वाटतंय हे कळलं, तरी वाटायचं थांबलं नाही.

पाचव्या श्वासाला रिंकूची नजर तिच्याकडे आली.

तेव्हा सखाबाईच्या लक्षात आलं की हिलाही माहीत आहे. उंबराखाली पोटुशी मासळी कशी येते, हे आपणच हिला सांगितलं होतं, त्याच चुलीपाशी. दोन वर्षं ही याच जागी येऊन थांबत होती. मोठ्या जावेच्या कोपऱ्याचं नाव हिला घेता येत नव्हतं. पण ललिताबाईने आणखी एकदा डिवचलं, तर घेईल. माईक चार बोटांवर धरून, दोन श्वास थांबून, छान घेईल. लोक टाळ्या वाजवतील, आणि मुरारी परत आपल्याकडे झुकेल.

हे एक वाक्य तिला रिंकूच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

ती उठली. गुडघा धरला होता, म्हणून शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवावा लागला. रिंकू दोन पावलं पुढे आली आणि "घ्या ताई" म्हणत तिने माईक दिला. सखाबाईने तो ओठांना लावला तसा तो किंचाळला. पुढच्या बायकांनी कान झाकले. तिने माईक परत रिंकूच्या हातात ठेवला. 'सन्माननीय' हा शब्द तोंडाशी आला होता, तो तिने गिळला.

"का झालं व?" मुरारीने विचारलं. तिने तिकडे पाहिलं नाही. ती तुलारामांच्या पेनकडे बघत होती.

"लिहा, तुलारामजी," ती म्हणाली. "उंबराचा कोपरा. आमचा. यंदा धानाचा रोवना होयेपर्यंत, दोन महिने, तिथं जाळं नाई पडनार."